नुसतं बरं

सातपूरला आमच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी तांदूळ निवडत होते. गळ्यात ओळखपत्र, हातात परीक्षेला नेतात तसलं पॅड. मला वाटलं गॅसच्या कामाला आल्या असतील. त्या म्हणाल्या, बाहेरगावाहून कामासाठी नाशिकला आलेल्या कुटुंबांची पाहणी चाललीय, वीस मिनिटं द्याल का. नवऱ्याची पहिली पाळी सुटायला अजून वेळ होता. मी हो म्हटलं आणि लगेच घाबरले.

कोणी कागद घेऊन प्रश्न विचारायला लागलं की मला वर्गात उभी केल्यासारखं होतं. आठवीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेले नाही. आमचं गाव हिंगोलीकडे. आई आजारी पडली, घरातलं करायला दुसरं कोणी नव्हतं. आई पुढे उठली, हिंडूफिरू लागली, पण तोवर माझा वर्ग पुढे निघून गेला होता. त्यात कोणाची चूक नाही. फक्त उत्तर चुकेल ही भीती तेव्हापासून राहिली ती राहिलीच.

बाईंनी एक वाक्य वाचलं, मला या वस्तीत सुरक्षित वाटतं. मग पाच पर्याय वाचले. पूर्ण सहमत, सहमत, सहमतही नाही असहमतही नाही, असहमत, पूर्ण असहमत. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी न कंटाळता पुन्हा वाचले. मी विचारलं, ते मधलं कशाला ठेवलंय. त्या म्हणाल्या, ज्यांना काही मत नाही त्यांच्यासाठी.

"मत आहे हो," मी म्हटलं. "पण सांगायचं नसलं तरी त्यालाच बोट दाखवायचं का?"

बाई थांबल्या. कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं, चुकलं. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. पाहणीच्या कामाला बायका हव्या होत्या, येशील का म्हणाल्या. मी सांगितलं, मी आठवी पण पुरी केलेली नाही. त्या म्हणाल्या, वाचता येतं ना, आणि ऐकता येतं ना. त्या फोनचे उपकार मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून त्या माझ्या मॅडम.

मॅडमचं ऑफिस गंगापूर रोडला, दोन खोल्यांचं. आम्ही चौघी पाहणीला जाणाऱ्या, आणि एक दादा, जे आलेली माहिती कॉम्प्युटरवर तपासायचे. बाकी तिघी कॉलेज झालेल्या. ऑफिसात सगळे त्या पाच पर्यायांना स्केल म्हणायचे. मला स्केल म्हटलं की कंपासमधली पट्टीच दिसायची, आणि मॅडमनी शिकवलंही तसंच. पट्टीवर एक ते दोन जेवढं अंतर, तेवढंच चार ते पाच असायला हवं. शब्दांनी तसं अंतर राखायचं म्हणजे जपून काम. एकीनं 'चांगलं' वाचलं आणि दुसरीनं त्याच जागी 'मस्त' म्हटलं तर दोघींच्या हातात दोन वेगळ्या पट्ट्या झाल्या. म्हणून लिहिलंय तसं वाचायचं. शब्द बदलायचा नाही, स्वतःचा घालायचा नाही, मान डोलवायची नाही.

बाकीच्या तिघींनी हे वहीत लिहून घेतलं. मी पाठ केलं. भाजी चिरताना पुटपुटायचे. नवरा म्हणायचा, कसले मंत्र चाललेत.

त्या वर्षी दिवाळीनंतर सुरगाण्याचं काम आलं. तिकडची माणसं भात निघालं की द्राक्षबागांवर कामाला उतरतात आणि पावसाच्या आधी परततात. मागं राहतात त्यांचं कसं चालतं, आणि गेलेल्यांचं ती काय सांगतात, हे विचारायचं होतं. बारा प्रश्न. तब्येत, जेवण, पाणी, दवाखाना, गेलेल्या माणसांची खुशाली, शेवटी झोप आणि एकटेपणा. उत्तराला एकच पट्टी: फार चांगलं, चांगलं, बरं, वाईट, फार वाईट.

मधल्या जागी आधी 'मध्यम' होतं. आम्ही ते सातपूरलाच चार घरी विचारून पाहिलं होतं. एक आजोबा म्हणाले, मध्यम म्हणजे काय, शर्ट घ्यायचाय का. सगळे हसलो, आणि मॅडमनी मध्यम खोडून बरं लिहिलं. चांगलं नाही, वाईट नाही, ते बरं. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मी तर मनात म्हटलं, आता कसं आपलं वाटतं.

आणखी एक गोष्ट नवी होती. कागद जाऊन हातात टॅब आले होते. प्रश्न दिसायचा, खाली पाच बटणं. एक दाबलं की पुढचा प्रश्न. न दाबता पुढे जायला गेलं की लाल अक्षरं यायची, उत्तर आवश्यक आहे.

चौघींना चार दिशांचे पाडे वाटून दिले. मी सुरगाण्याहून जीपनं जायचे, उतरले की चढ. सात दिवसांत चाळीस घरं केली. माणसं गोड. चहा घेतल्याशिवाय उठू देत नसत. पण जो तो उत्तर द्यायचा, बरं. तब्येत बरी, पाणी बरं, दवाखाना बरा. पाच पर्याय मी वाचायचे, पाचही ती ऐकून घ्यायची, आणि म्हणायची, बरं हाय. मी तिसरं बटण दाबायचे. मधूनच एखादी 'बेस हाय' म्हणायची. तिकडे बेस म्हणजे छान, हे मला जीपवाल्यानं सांगितलं, तेव्हा मी दुसरं बटण दाबायला लागले. बाकी सगळं तिसरं. तिसऱ्या दिवशी मलाच कसंतरी वाटलं. पण शब्द घालायचा नाही, असं शिकवलं होतं.

शेवटच्या दिवशी एका म्हातारीचं घर होतं. मुलगा-सून बागेवर गेलेले, ही एकटी. दहा प्रश्न झाले, दहाला बरं. अकराव्याला खालून हाक आली. शेजाऱ्यांची भाताची झोडणी चालली होती आणि माणूस कमी पडलं होतं. ती उठलीच. आले गं, बस तू, म्हणाली आणि गेली. मी बसले. ऊन ओट्यावरून अंगणात गेलं. शेवटची जीप चुकली तर दुसरी नव्हती. टॅब बंद करावा तर अर्धा फॉर्म जमा होत नव्हता. झोप कशी लागते, आणि एकटीला घरात कसं वाटतं, दोन प्रश्न राहिले. मी लाल अक्षरांकडे पाहिलं. मग दोन्हीला तिसरं बटण दाबलं. सगळ्यांचं बरंच तर होतं.

चार दिवसांनी मॅडमनी बोलावलं. दादांच्या कॉम्प्युटरवर चौघींचे चार चौकोन होते, प्रत्येक उत्तराला रंग. तिघींचे चौकोन रांगोळीसारखे, हिरवं, पिवळं, तांबडं. माझ्या चौकोनात चार-दोन हिरवे ठिपके सोडले तर नुसती हळद सांडलेली. पिवळा म्हणजे तिसरं बटण.

"काय ताई," दादा म्हणाले, "सुरगाण्यात सगळ्यांनाच मधली सीट मिळाली का?"

मला हसू आलं नाही. मॅडमही हसल्या नाहीत. असा एकरंगी चौकोन म्हणजे काय ते आम्हाला शिकवलेलं होतं. बाई घरोघरी न जाता झाडाखाली बसून फॉर्म भरते, तेव्हा हात आपोआप मधल्यावर जातो. असं निघालं की त्या बाईला पुन्हा बोलवत नाहीत, आणि तिच्या आधीच्या सगळ्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दादा चहाला गेल्यावर मॅडमनी दार लोटलं. चाळीसही घरी गेली होतीस ना, विचारलं. मी हो म्हटलं, ते खरं होतं.

"सगळे प्रश्न विचारलेस?"

"हो," मी म्हटलं.

त्या 'हो'च्या आधी मी अर्धा श्वास घेतला होता. मॅडमना तो ऐकू आला असणार. त्या इतकंच म्हणाल्या, मी येते तुझ्याबरोबर. पाच घरं पुन्हा विचारू. दादांनी कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या काढल्यासारखी पाच घरं काढली. पाचवं घर म्हातारीचं होतं.

घरी आले तर नवरा जेवत होता. मी म्हटलं, माझं काम बहुतेक जाणार. तो म्हणाला, गेली होतीस ना घरोघरी? मग कशाला घाबरतेस. आणि तुझ्या मॅडमना सांग, ती पट्टी एकदा आमच्या सुपरवायझरला लावा. पाचाच्या खाली सहावा आकडा काढावा लागेल त्याच्यासाठी. मी हसले आणि त्याला भाकरी वाढली. मनात मात्र चाळीस घरची बाकी सगळी खरी उत्तरं एका बाजूला आणि ती दोन बटणं एका बाजूला, असं वाटत होतं. मला मॅडमनी आणलं होतं. आठवी न झालेली बाई कशी निघाली, हे आता त्यांना ऐकावं लागणार होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी गेलो. पहिल्या चार घरांत मॅडम स्वतः विचारत होत्या आणि मी मागं उभी होते. मॅडमचा आवाज स्पष्ट, प्रत्येक पर्याय सुटा. तरी उत्तर एकच, बरं हाय. तिसऱ्या घरी मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत संशय कमी आणि गोंधळ जास्त होता. माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं, पण पाचवं घर बाकी होतं.

म्हातारीनं मला ओळखलं. ओट्यावर गोधडी टाकली. मॅडमनी पहिला प्रश्न वाचला, पाच पर्याय वाचले.

"बरी हाय," म्हातारी म्हणाली.

पाण्याचं? बरं. सून-मुलगा बागेवर आहेत, त्यांचं कसं चाललंय? बरं हाय त्यांचं. मॅडम तीन वेळा तिसरं बटण दाबून थांबल्या. मी मात्र ऐकलं होतं. तिन्ही वेळा शब्द तोच, पण तिसऱ्या वेळी तिनं तो खाली जमिनीकडे बघून टाकला होता. आमच्याकडे आई फोनवर बरं म्हणते तेव्हाही असेच प्रकार असतात. माझ्या तोंडून निघून गेलं.

"आजी, हे नुसतं बरं का खरं बरं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शब्द घालायचा नाही, हा नियम मी त्यांच्यासमोरच मोडला होता. पण म्हातारी हसली, जणू इतका वेळ कोणी तिच्याशी बोलतच नव्हतं आणि आता बोलायला लागलं.

"तब्येत खरी बरी. गेल्या साली खाटेवर होते, आता खालच्या विहिरीवरनं हंडा आणते. याच्यावर काय पाहिजे?"

"मग फार चांगली का नाही म्हणत?" मॅडमनी विचारलं.

"आपल्या तोंडानं कोण म्हणतं, बाय? दृष्ट लागायला?" मग बोटं मोजत म्हणाली, "तब्येत खरी बरी. पाणी नुसतं बरं, उन्हाळ्यात नाय. आन् सुनेचं..." इथे थांबली. "सुनेचं बरं म्हणायचं."

मॅडमनी टॅब मांडीवर ठेवला, पिशवीतली वही काढली आणि तीन ओळी लिहिल्या. खरं बरं. नुसतं बरं. बरं म्हणायचं. आमच्या पट्टीवर तिन्हींना एकच जागा होती, अगदी मधोमध.

मला एवढ्यावर सुटल्यासारखं वाटायला हरकत नव्हती. हळदीचं कारण सापडलं होतं. बाकी तिघींचे चौकोन रंगीत का होते तेही उघड होतं, त्यांनी कंटाळून लोकांना विचारलं असणार, बरं म्हणजे चांगलं ना, आणि लोक भिडेनं हो म्हणाले असणार. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मॅडम अकराव्या प्रश्नावर आल्या, झोप कशी लागते.

"मॅडम," मी म्हटलं, "हा आणि पुढचा मी विचारले नव्हते. मीच दाबले."

मॅडमचं बोट टॅबवर तसंच राहिलं. म्हातारीला काय चाललंय ते पुरतं कळलं नसावं, पण बाजू घ्यायला हवी एवढं कळलं. म्हणाली, तिला नका बोलू, मीच उठून गेले, लय वेळ बसली होती पोरगी, खालून मला दिसत होती.  मॅडमनी प्रश्न वाचला, पाच पर्यायांसकट, सावकाश.

म्हातारी म्हणाली, "झोप नाय लागत. दोन-दोनदा उठून कडी बघते."

बाराव्याला, एकटीला घरात कसं वाटतं याला, तिनं आधी अंगणातल्या कोंबडीला हाकललं. मग म्हणाली, फार वाईट लिव. सून घरी असती तवा भांडण तरी असतंय.

दोन्हीला मी मधलं दाबलं होतं. माझ्यामुळे ती म्हातारी कॉम्प्युटरमध्ये दोन आठवडे नीट झोपत होती.

जीपची वाट बघत आम्ही फाट्यावर बसलो. मॅडमनी वही पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या,

"तू मला हो म्हणालीस त्याचा मला राग आहे. तो दोन-चार दिवस राहील."

मी मान हलवली.

"पण तेव्हा तू काय दाबायला हवं होतंस?"

मी म्हटलं, काहीच नाही. पण ते पुढे जाऊ देत नाही. मॅडमनी टॅब काढून बाराव्या प्रश्नावर आणला, न दाबता पुढे जाऊन पाहिलं. लाल अक्षरं आली. त्या ती वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, हे मीच करून घेतलं. मागच्या वेळी मुली प्रश्न कोरे सोडत होत्या म्हणून.

जीप आली ती भरलेलीच. मॅडमना ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, मी मागच्या बाकावर, तिघं पायरीवर लटकलेले. उतरल्यावर मॅडम उत्साहात होत्या. म्हणाल्या, सापडली पट्टी, शब्द नकोतच. जीपचं चित्र काढायचं. तुमची तब्येत जीपमध्ये कुठे बसलीय? पुढची सीट, मधली, मागचा बाक, पायरी, टप. पुढच्याच आठवड्यात आम्ही ते घेऊन गेलो. बायका खूश झाल्या, पटापट बोट ठेवायला लागल्या. चौथ्या घरी एक तरणा माणूस म्हणाला, माझी तब्येत टपावर. मॅडमनी हळहळून विचारलं, काय होतंय. तो म्हणाला, होतंय काय, वर वारा लागतो, पाय पसरता येतात, पुढं काय, ड्रायव्हरची बडबड. ते चित्र तिथंच संपलं. दादांनी ते ऑफिसच्या भिंतीवर लावलंय, अजून आहे.

शेवटी राहिली ती म्हातारीचीच रीत. आता आधी विचारतो, बरं आहे की नाही. बरं म्हटलं तर पुढे: खरं बरं, नुसतं बरं, की म्हणायला बरं. नाही म्हटलं तर थोडं की फार. बटणं पाचच राहिली, पण माणूस दोन पावलांत तिथवर चालत येतो. मॅडमनी इंग्रजी अहवालात याला काही मोठं नाव दिलंय. वाक्यं कशी बोलायची ते मला विचारून लिहिलं. आठवीतल्या माझ्या बाईंना हे कळलं तर त्या मान्य करणार नाहीत.

ही रीत मी घरीही नेली. रविवारी आईचा फोन येतो. ती विचारते, बरं हाय का, मी म्हणते बरंय, तू? ती म्हणते बरं हाय. एका रविवारी मी विचारलं, नुसतं बरं का खरं बरं?  आई म्हणाली, गुडघा दुखालाय पंधरा दिस झाले, तुला तिकडं कशाला सांगाव. आता मी दर रविवारी विचारते. ती चिडते, म्हणते, हे काय ऑफिस लावलंयस माझ्यामागं. पण सांगते.

आणि नवऱ्याचा तो सहावा आकडाही आला, सुपरवायझरसाठी नाही, आमच्यासाठी. पाच बटणांच्या खाली, थोडं सुटं, एक सहावं. मॅडम त्यावर 'लागू नाही' असं लिहीत होत्या. मी म्हटलं, लागू तर असतं मॅडम. म्हातारीला झोपेचा प्रश्न लागूच होता. त्यांनी विचारलं, मग काय लिहू. मी घाबरत सांगितलं, आणि तेच लिहिलं गेलं: विचारायचं राहिलं.

पुढच्या फेरीनंतर मॅडमनी पुन्हा बोलावलं. आता दर फेरीनंतर चौघींची काही घरं चिठ्ठ्या काढून पुन्हा विचारायची, असं ठरलं होतं. दादांच्या कॉम्प्युटरवर चौघींचे चौकोन. माझ्यात आता रंग होते. पण जागोजाग राखाडी ठिपकेही होते, बाकी तिघींपेक्षा कितीतरी जास्त. राखाडी म्हणजे सहावं बटण. कुठे बाळ रडलं होतं, कुठे पाणी आलं म्हणून बाई उठली होती, कुठे मीच चढावर दमले होते.

"तुझे सगळ्यात जास्त राहिलेत," मॅडम म्हणाल्या.

 मी म्हटलं, पुढच्या वेळी कमी करीन.

"नको," त्या म्हणाल्या आणि दादांना म्हणाल्या, चिठ्ठ्या काढताना हिची घरं वगळा. हिची पुन्हा विचारायला नकोत.

दादांनी वगळली. मी जिन्यातून खाली आले, सातपूरची बस पकडली. खिडकीशी जागा मिळाली होती. मॅडम काय म्हणाल्या ते मी स्टॉपपर्यंत मनात दोनदा तपासलं, काही ऐकायचं राहिलं तर नाही ना म्हणून.